आवा पेटण्यापूर्वी

भाविकहो, तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली असेल! संतमेळा जमला. मुक्ताबाईंनी विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, थापटणे. याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग एकेकाच्या मस्तकावर थापटणे बसले. सगळे स्वस्थ राहिले, नामदेवराय तेवढे रागावले. निर्णय झाला: हे मडके कच्चे!

आता पूर्वपक्ष असा की, ज्यांच्या हातचा नैवेद्य देव जेवला ते कच्चे कसे? आणि कच्चे म्हटले ती निंदाच ना? पुष्कळ वर्षे मीही येथे श्रोत्यांना हसवून पुढे जात असे. उत्तर मिळाले ते पोथीत नव्हे, कुंभाराच्या अंगणात.

तेरणाकाठच्या एका गावी माझे कीर्तन होते. घटाच्या दृष्टान्तावर आलो आणि विद्येचा वारा अंगात शिरला. न्यायशास्त्रात दंड आणि चक्र ही घटाची कारणे. माती वाहणारे गाढव मात्र अन्यथासिद्ध, म्हणजे त्याच्यावाचून घटाचे काही अडत नाही. हे सांगताना समोर बसलेल्या कुंभार मंडळींकडे बोट करून मी विनोद केला. लोक हसले.

सकाळी त्यांतलेच एक वृद्ध मला घरी घेऊन गेले. तळ्याचा गाळ, त्यात चाळलेली राख आणि लीद; सारे पायांनी तुडवून लोण्यासारखे केलेले. हातातले थापटणे वावटळीत पडलेल्या बाभळीच्या फांदीचे. उभे झाड तोडायचे नाही, पडलेले घ्यायचे, हा त्यांचा नेम. आव्यालाही गोवऱ्या, पाचोळा आणि रानात वेचलेल्या काटक्याच. घागरीला पोट कसे देता, म्हणून विचारले, तर कुडावरच्या भोपळ्याकडे बोट दाखवले. आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून थापटायचे, की पोट फुगत जाते.

सावलीत वाळत ठेवलेल्यांत एक घागर कलली होती. म्हाताऱ्याने ती उचलली आणि पाण्याच्या डोणीत सोडली. मी हळहळलो. ते म्हणाले, “म्हाराज, कच्ची हाय म्हणून वाचली. रातभर भिजंल, सकाळी चिखल व्हईल, पुन्हा चाकावर चढंल. आव्यातनं वाकडी निघाली असती, तर कुनाच्यानं सरळ झाली असती?” मग थोडे थांबून म्हणाले, “आन् त्या गाढवाचं म्हनाल, तर तळ्यातली माती माझ्या पाठीवर येत न्हाई.”

मी खाली पाहिले. क्षमा मागायला जीभ वळली नाही. पुढल्या वर्षी मुद्दाम गेलो, तो म्हातारा देवाघरी गेला होता. ती क्षमा आज येथे मागतो.

श्रोतेहो, सिद्धान्त हा: कच्चे म्हणणे ही निंदा नव्हे, ती आशा आहे. नामदेवराय कच्चे होते म्हणूनच भिजले. औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांच्या पायांशी गेले, अभिमान विरघळला, नवा घट झाला. याच तेर गावी जुन्या वस्तूंचे संग्रहालय आहे. तेथे सातवाहनकाळची, सुमारे २००० वर्षांपूर्वीची भांडी आणि खापरे ठेवली आहेत. इतके पावसाळे गेले, पण खापराचा पुन्हा चिखल झाला नाही. एकदा भाजलेली माती पाण्याला वश होत नाही. माझी विद्या तशीच भाजली होती, आणि वाकडी भाजली होती.

तर मग थापटणे शोधायला तेरलाच जावे लागते असे नाही. घरात सुनेचा एक शब्द बसतो, दिंडीत कुणाचा धक्का लागतो, पंगतीत वाढपी पुढे निघून जातो. तेवढ्यात आतून आवाज काय येतो तो ऐकावा. राग आला तर कच्चे; घाबरू नये, नामाच्या डोणीत उतरावे. राग आला आणि तो बरोबरच होता असे वाटले, तर मात्र जपावे. आच लागू लागली आहे!

माझे वय साठीपुढे गेले. शेवटच्या आव्याची लाकडेही कोठेतरी वाळतच असतील. तोवर पाणी आहे, माती ओली आहे आणि कुंभार दयाळू आहे. बोला, पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!