हसू कोणाचे, हसे कोणाचे?

सोनिवलीहून बदलापूर स्टेशनकडे निघालेल्या रिक्षात शेजारचा तरुण बहुधा मोबाईलमध्ये डोके घालून एकटाच हसत असतो. पडद्यावर एक माणूस, हातात माईक, मागे उंच स्टूल आणि त्यावर पाण्याची बाटली. नेपथ्य नाही, सोबतीला नट नाहीत. हा माणूस तास-दीड तास एकटा बोलतो आणि लोक तिकीट काढून हसायला येतात. आज मुंबईत, उद्या पुण्यात, पुढच्या आठवड्यात दुबईला. झाकीर खान या इंदूरच्या कलावंताने तर ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये चक्क हिंदीतून कार्यक्रम केला. मराठीतही 'भाडिपा'सारख्या मंडळींनी २०१६ नंतर हा प्रकार रुजवला. घरातली वडीलधारी माणसे विचारतात, "हे काय काम झाले? नुसते बोलायचे?"

हसणे वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. पवित्र शास्त्रातील उपदेशकानेही रडण्याबरोबर हसण्याला त्याची वेळ दिलेली आहे. प्रश्न आहे तो वेगळाच. आपण हसतो ते कोणाच्या जिवावर? आणि त्या हसण्याचा जाब द्यायचा झाला तर तो कोणी द्यायचा, विनोद सांगणाऱ्याने की हसणाऱ्याने?

हा प्रश्न आपल्या परिसरात फार दुरून आणावा लागत नाही. "मेड इन यू.एस.ए." हा विनोद कल्याणपासून कर्जतपर्यंत ठाऊक नसलेला माणूस विरळा. यू.एस.ए. म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', म्हणजे माल नकली. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले. बराकींतून संसार थाटले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले, तरी 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेतच. ज्यांच्याकडे काहीही उरले नव्हते, त्यांनी पापड, मिठाई, कापड, जीन्स, फर्निचर असे मिळेल त्यातून बाजार उभा केला. हा विनोद उल्हासनगरचा दुकानदार स्वतः सांगतो तेव्हा त्यात थोडा अभिमान असतो: पाहा, आम्ही अमेरिकेचीही नक्कल केली! तोच विनोद लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर बसून दुसऱ्या कोणी सांगितला की त्याचा अर्थ होतो, ही माणसे लबाड. शब्द तेच, तोंड बदलले.

आपल्यालाही याची चव माहीत आहे. 'मकापाव' ही शिवी आपल्यापैकी कितीजणांनी शाळेच्या मैदानावर ऐकली असेल! हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती माणूस वर्षानुवर्षे हातात बाटली घेऊन झोकांड्या खात, धेडगुजरी हिंदी बोलत पडद्यावर यायचा आणि थिएटर हसायचे. त्या थिएटरात आपणही बसलेले असायचो. आपणही हसायचो, कारण न हसणारा वेगळा दिसतो.

आता या धंद्याची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फिरत्या विनोदवीराचा विनोद घरी लिहून पुरा होत नाही. तो आधी तीस-चाळीस माणसांच्या लहानशा खोलीत सांगून बघतो. ज्या वाक्याला हशा येत नाही ते तो काढून टाकतो. ज्याला येतो ते ठेवतो, त्याच्याआधी क्षणभर थांबायला शिकतो. नाशिकला जे पडले ते पुण्याला ऐकू येत नाही. असे महिनोन् महिने फिरल्यावर मोठ्या सभागृहात जो तासाभराचा कार्यक्रम आपण पाहतो, तो शेकडो अनोळखी माणसांच्या हशाने घडलेला असतो. तेव्हा एखाद्या काळ्या मुलीवर, तोतऱ्या माणसावर किंवा बिहारी वॉचमनवर केलेला विनोद गावोगाव टिकून राहिला असेल, तर तो आपणच राखला आहे. विनोदवीर पोटासाठी हशाच्या मागे जातो. आपले पोट कुठे अडले होते?

महाराष्ट्रात असे एकट्याने तोललेले कार्यक्रम जुने आहेत. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगभूमीवर उभी केली. चाळीतल्या माणसांची टिंगल करता करता शेवटी ते अशा जागी आणून सोडत की हसणाऱ्याला आपलीच चाळ आठवावी. या लेखक-कलावंताने मिळवलेला पैसा पुढे सार्वजनिक कामांकडे वळवला. पुण्याचे 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभे राहिले त्यालाही त्यांचा हात लागला होता.

पण आमच्या प्रश्नाला अधिक जवळचे उदाहरण लक्ष्मण देशपांडे यांचे आहे. तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा प्राध्यापक १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घेऊन फिरला. एकटा माणूस, बावन्न पात्रे, सुमारे तीन तास. प्रयोगांची संख्या हजारांत मोजावी लागली आणि गिनेस बुकात नोंद झाली. मराठवाड्याच्या खेड्यातले अख्खे वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला निघते. आता शहरी प्रेक्षकाला खेडुतावर हसवणे हे सर्वात सोपे काम. विमानात गोंधळलेली म्हातारी, धोतर सावरणारा बाप्या. दादरचा प्रेक्षक हसणारच. परंतु देशपांडे हा प्रयोग मराठवाड्यातही करत, जिथे समोर तीच म्हातारी आणि तोच बाप्या बसलेला असे. तेही पोट धरून हसत. त्यांची बोली, त्यांचा मानपान, त्यांचे रुसवेफुगवे त्यांना ओळखू येत होते, आणि सांगणारा आपल्याच घरातला आहे हेही. ज्याच्यावर विनोद आहे तो सभागृहात असताना विनोद तसाच उभा राहतो का, याची अशी परीक्षा हा माणूस जवळजवळ तीस वर्षे देत होता. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरे नाव जॉनी लिव्हर. मूळ नाव जॉन प्रकाश राव जनुमाला. तेलुगू ख्रिस्ती कुटुंबातला हा मुलगा धारावीत वाढला. गरिबीमुळे शाळा सातवीतच सुटली. रस्त्यावर नटांच्या नकला करत पेन विकले. मग वडील जिथे कामाला होते त्या हिंदुस्तान लिव्हरमध्ये मजूर म्हणून लागला. कंपनीच्या एका कार्यक्रमात त्याने कंपनीच्याच साहेबांच्या नकला केल्या आणि सोबतच्या कामगारांनी त्याचे नाव जॉनी लिव्हर ठेवून दिले. ज्यांची नक्कल करायची त्यांच्याच हाताखाली दुसऱ्या दिवशी पाळीवर जायचे, ही गोष्ट सोपी नव्हे. पुढे कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांतून तो देशोदेशी फिरला, १९८२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या दौऱ्यातही होता. मुलाच्या गंभीर आजारानंतर त्याची श्रद्धा अधिक दृढ झाली आणि तो प्रार्थनासभांतून साक्ष देऊ लागला, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहेच.

येथे कोणी म्हणेल, मग नियम सोपा आहे: ज्याच्यावर विनोद, तो समोर बसून हसला की झाले. आम्हाला हे तितके सोपे वाटत नाही. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा याने उपमुख्यमंत्र्यांवर विडंबनगीत म्हटले, तेव्हा मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याच्या हसण्या-रुसण्यावर विनोदाचे माप ठेवले, तर दरबारी विदूषकापलीकडे कोणी उरायचा नाही. साहेबाची नक्कल आणि झाडूवाल्याची नक्कल यांना एकच तराजू लावता येत नाही. साहेब उत्तर देऊ शकतो. बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच देतो.

मुनव्वर फारुकी याची हकिगत या दोन्ही बाजू दाखवते. जानेवारी २०२१ मध्ये इंदूरच्या कार्यक्रमातून त्याला अटक झाली आणि महिन्याहून अधिक काळ तो तुरुंगात राहिला. ज्या विनोदाबद्दल आरोप होता तो त्याने तिथे केल्याचा पुरावा पोलिसांना दाखवता आला नव्हता. हाच तरुण ऑगस्ट २०२४ मध्ये प्रेक्षकांशी गप्पा मारता मारता कोकणातल्या लोकांबद्दल घसरला आणि त्याला माफी मागावी लागली. अन्याय सोसलेल्या माणसाच्या तोंडूनही दुसऱ्याला लागेल असे निघू शकते. आणि त्या वेळीही समोरच्या खुर्च्यांतून हशाच आला होता.

१४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी शंभराहून अधिक विनोदवीरांना व्हॅटिकनमध्ये बोलावले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये निवर्तलेले हे परमगुरुस्वामी संत थॉमस मोर यांची विनोदबुद्धी मागणारी प्रार्थना रोज म्हणत. देवावरही हसता येते का? येते, असे त्यांनी त्या दिवशी सांगितले; आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांचीच थट्टा करतो ना! मात्र श्रद्धावंतांचे, आणि त्यातही गरिबांचे, मन दुखावू नये, एवढे त्यांनी जोडले. 'त्यातही गरिबांचे' हे शब्द आम्हाला महत्त्वाचे वाटतात. बदलापूरच्या डोंगराकडच्या वाडीतला कातकरी, सोसायटीचा वॉचमन, घरकामाला येणारी बाई यांच्यावरचे विनोद आपण ऐकतो. त्या कार्यक्रमाचे तिकीट मात्र त्यांना परवडत नाही. म्हणजे त्यांची खुर्ची नेहमीच रिकामी. लक्ष्मण देशपांडे यांनी दिली तशी परीक्षा तिथे होतच नाही. तिथे हसणाऱ्यावाचून दुसरा कोणी साक्षीदार नसतो.

प्राचीन रोममधील जेनेसियस नावाच्या नटाची कथा ख्रिस्तसभेत फार पूर्वीपासून सांगितली जाते. तिच्यात इतिहास किती आणि आख्यायिका किती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सम्राट डायोक्लेशियनच्या काळी ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता. सम्राटाला खूश करण्यासाठी या नटाने स्नानसंस्काराची टवाळी करणारा प्रवेश बसवला. आजारी पडल्याचे सोंग घेऊन तो बिछान्यावर निजला, 'मला ख्रिस्ती करा' म्हणून ओरडू लागला, आणि प्रेक्षक हसू लागले. ज्यांची टवाळी चालली होती ते तुरुंगात होते, लपून बसले होते. त्यांच्यापैकी कोणी उघडपणे समोर असणे शक्यच नव्हते. मग पाणी ओतले गेले आणि रंगमंचावरच त्याचे मन पालटले. तो उठून उभा राहिला आणि आपण खरोखरच विश्वास ठेवतो असे सम्राटाला सांगू लागला. लोक हसतच राहिले. त्यांना वाटले, हाही प्रवेशाचाच भाग आहे. तो थांबेना, तेव्हा हशा ओसरला आणि शिपाई पुढे झाले. नटांचा आणि विनोदवीरांचा आश्रयदाता म्हणून त्या रक्तसाक्षीचा सण २५ ऑगस्टला येतो.