प्रतिज्ञेतला ‘मी’

भद्रावतीच्या विजासन टेकडीतल्या लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. खडकात सरळ आत गेलेली बोळासारखी लांब वाट, पायाखाली गारवा, आणि डोळे अंधाराला सरावले की टोकाच्या गाभाऱ्यात झिजलेली, आसनस्थ बुद्धमूर्ती. कित्येक शतकं बुद्ध इथे होता, पण स्वतःला बौद्ध म्हणवणारं माणूस पंचक्रोशीत शोधून सापडलं नसतं. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत 1951च्या जनगणनेत बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. दहा वर्षांनी मोजले, तर 27 लाख 89 हजारांच्या वर!

एवढी माणसं बाहेरून आली नव्हती. तीच माणसं, तीच घरं, तीच शेतमजुरी. मध्ये घडलं होतं ते एक बोलणं.

14 ऑक्टोबर 1956ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः जमलेल्या लाखोंना दिली. 16 तारखेला ते चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने तिथेही तसाच सोहळा झाला. भद्रावतीहून चांदा पंचवीसेक किलोमीटर. त्रिशरण-पंचशील पालीत, पण 22 प्रतिज्ञा बाबासाहेबांनी स्वतः रचलेल्या आणि मराठीत. सगळ्या प्रथमपुरुषी. अमुक देवांना मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, दारू पिणार नाही. आणि शेवटाकडे, आज आपला नवा जन्म होतो आहे, अशी घोषणा.

ऑस्टिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने 1955 साली हार्वर्डच्या व्याख्यानांत सांगितलं होतं की, काही वाक्यं खरी-खोटी नसतात. ती उच्चारणं हीच कृती असते. शपथ, वचन, लग्नातला होकार. चांद्याच्या मैदानात हे कुणी वाचलेलं नव्हतं. पण गावगाड्यात वाढलेल्या माणसाला त्याचा उलटा अनुभव पक्का होता. कुणी कुठे बसायचं, कुणाला ‘जी’ म्हणायचं, मेलेलं ढोर कुणी ओढायचं, हे सगळं नाटकातल्या सोंगासारखं वाटून दिलेलं. फरक इतकाच की झाडीपट्टीच्या नाटकाच्या मंडपात राजा झालेला नट पहाटे रंग पुसून घरी जातो, गावाने दिलेलं सोंग मात्र उतरत नसे. महाराने वाकून ‘जोहार’ घालायचा, हा त्या सोंगातला संवाद. तो टाकून लोक ताठ मानेने ‘जय भीम’ म्हणू लागले. गंमत अशी की, गडचिरोलीतला गोंड माणूस तोच ‘जोहार’ आजही अभिमानाने घालतो.

आता खरी तात्त्विक अडचण. बौद्ध विचार कायमचा आत्मा मानत नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रथाचं उदाहरण देतो: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, तसंच ‘नागसेन’ हे व्यवहारापुरतं नाव. मग प्रतिज्ञा घेणारा ‘मी’ कोण? नवा जन्म कुणाचा? बाबासाहेबांना हा पेच ठाऊक होता. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसा, हा प्रश्न त्यांनी 1957 साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेतच घातला आहे. प्रतिज्ञांपुरतं पाहिलं तर उत्तर फार गूढ नसावं. तो ‘मी’ आत कुठे दडून बसलेला नव्हता. चारचौघांसमोर शब्द दिला तेव्हा तो उभा राहिला आणि शब्द पाळला जाईल तितकाच तो टिकणार होता. विजासनच्या मूर्तीपुढे धूप जाळणाऱ्या भाविकाला हे कोरडं वाटेल. वाटो.

पण बोललं आणि झालं, असंही नाही. देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नदीत सोडले गेले. काही घरांत म्हातारीने मरीआई हळूच कोपऱ्यात ठेवून दिली. सवर्ण शेजाऱ्याने आपली भूमिका सोडली नाही, तर समोरच्याची नवी भूमिका अर्धवटच राहते. सरकार तर आणखी हट्टी श्रोता निघालं. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या 1950च्या आदेशाप्रमाणे, काही शीख जाती सोडल्या तर, अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच हवा होता. 1956 साली त्यात सगळे शीख आले, बौद्ध नाही. महाराष्ट्राने राज्य स्थापन होताच नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने कायदा बदलला तो 1990 साली, म्हणजे चांद्याच्या सोहळ्यानंतर 34 वर्षांनी. दाखल्यावर मात्र आजही पूर्वीची जात लिहावी लागते. जी जात टाकल्याचं जाहीर केलं, तिचंच नाव हक्कासाठी सांगायचं, ही भूमिका तहसीलच्या खिडकीपुढे उभ्या पोराला करावीच लागते. त्याला ढोंगी म्हणणाऱ्यांनी, जात पाहून होणारी वागणूक दाखला नसतानाही चालूच असते, हे लक्षात घ्यावं.

ऑक्टोबरच्या मध्यावर चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी गर्दी लोटते. येणाऱ्यांतले बहुतेक आता जन्मानेच बौद्ध. तरीही माइकवरून प्रतिज्ञा सुरू झाल्या की शाळकरी मुलांपासून सगळे उभे राहतात आणि पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत प्रत्येक प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने म्हणतात.