विश्वास कुणाचा, जीव कुणाचा?

१० फेब्रुवारी १८७१. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिडलिंग्टन नावाचं गाव आहे. त्याच्यासमोरच्या उपसागरात त्या पहाटे शिडाच्या जहाजांचा मोठा तांडा नांगर टाकून उभा होता. बहुतेकांच्या पोटात कोळसा. उत्तरेला टाईन नदीच्या परिसरात तो भरायचा आणि दक्षिणेला नेऊन विकायचा, हा तिथला रोजचा धंदा. उत्तरेचा वारा असला की फ्लॅम्बरो हेड या भूशिरामागे चांगला आडोसा मिळतो, म्हणून जहाजं तिथे थांबत. त्या पहाटे मात्र वारा फिरला. आग्नेयेकडून बर्फासकट वादळ आलं, आणि उपसागराचं तोंड त्या बाजूला उघडंच होतं.

दिवसभरात तीसच्या आसपास जहाजं त्या किनाऱ्यावर फुटली. गावातली माणसं धक्क्यावर उभी राहून ते बघत होती. प्रायरी चर्चच्या आवारात एक स्मारक आहे. त्या दिवशी बुडालेल्या खलाशांपैकी ४३ जण त्या मातीत आहेत, असं ते सांगतं.

वादळावर खटला भरता येत नाही. पण कोळसा वाहणारी यातली बरीच जहाजं जुनी होती, आणि त्या काळात जहाज किती भरायचं हे मालकाच्या मर्जीवर होतं. जास्त माल म्हणजे जास्त भाडं. जहाज बुडालंच तर विमा होता. खलाशाची गोष्ट वेगळी. त्याने करारावर अंगठा उठवला आणि मग जहाजाची अवस्था बघून चढायला नकार दिला, तर त्याला तुरुंगात टाकता येत असे. असं टाकलंही जात होतं. अशा जहाजांना लोक ‘शवपेटी जहाजं’ म्हणत.

आता प्रश्न असा. हे सगळे मालक काय राक्षस होते? काही असतीलही. जहाज बुडावं आणि विम्याचे पैसे मिळावेत अशी वाट बघणारे. त्यांच्याबद्दल वाद घालायला काही उरत नाही. अवघड माणूस दुसरा. त्याला खलाशांनी मरावं असं मुळीच वाटत नाही. तो फक्त म्हणतो, “काही होत नाही. वीस वर्षं चालतंय हे जहाज, आजवर काही झालं नाही.” आणि त्याला हे मनापासून वाटतं. तो खोटं बोलत नाही. मग जहाज बुडालं तर तो दोषी आहे का?

विल्यम किंग्डन क्लिफर्ड या गणितज्ञाने नेमका हाच माणूस पकडला. जानेवारी १८७७मध्ये त्याचा ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ हा निबंध छापून आला. त्याची सुरुवातच एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं आहे, दुरुस्ती हवी आहे, मालकाच्या मनात शंका येते. शंका त्रास देते, कारण दुरुस्तीला पैसे लागतात. मग तो स्वतःची समजूत घालतो. आजवर इतक्या सफरी झाल्या, देव सांभाळून घेईल, बांधणाऱ्यांवर उगाच संशय कशाला. हळूहळू त्याला खरंच खात्री वाटू लागते. जहाज निघतं, भर समुद्रात बुडतं, मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डच्या मते हा माणूस त्या मृत्यूंचा अपराधी आहे. खात्री प्रामाणिक असेल, पण ती त्याने तपासणी करून कमावलेली नाही. शंका गाडून मिळवलेली आहे. आणि पुढचं पाऊल जास्त कडक आहे: जहाज सुखरूप पोहोचलं असतं तरी तो तितकाच दोषी. फक्त पकडला गेला नसता.

क्लिफर्ड हे निव्वळ खुर्चीत बसून लिहीत नव्हता. डिसेंबर १८७०मध्ये सूर्यग्रहण बघायला निघालेल्या मोहिमेत तो होता, आणि त्यांचं जहाज सिसिलीच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सगळे वाचले. पायाखालची फळी सुटणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं.

तरी त्याच्यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. पूर्ण खात्री होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर एकही जहाज बंदर सोडणार नाही. लंडनच्या चुली कोळशावर पेटत होत्या. जगायचं तर थोडा धोका पत्करावाच लागतो. अपुऱ्या माहितीवर पाऊल टाकणारा प्रत्येक जण गुन्हेगार कसा?

याचं उत्तर मला त्याच दिवशी, त्याच ब्रिडलिंग्टनमध्ये सापडतं. वादळात ‘हार्बिंजर’ नावाची एक बचावनौका पुन्हा पुन्हा समुद्रात जात होती. ती बांधणारा डेव्हिड पर्डन गावातलाच नावाडी-सुतार. शेवटच्या खेपेला तो आणि त्याचा मदतनीस स्वतः तिच्यात बसले. लाटेने होडी उलटली. नऊ जणांपैकी सहा गेले, त्यात हे दोघेही.

पर्डनचाही आपल्या होडीवर विश्वास होता. तीही उलटली. पण त्याला कुणी दोषी म्हणणार नाही. त्या होडीची प्रत्येक फळी त्याच्या हातून गेली होती, म्हणजे विश्वासाला आधार होता. आणि तो चुकला तर काय जाणार होतं? आधी त्याचा स्वतःचा जीव. मालकाच्या बाबतीत विश्वास एकाचा होता आणि जीव दुसऱ्याचा. धोका पत्करणं आणि धोका दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हींना एकच नाव देतो, ‘धाडस’, आणि तिथेच गोंधळ होतो.

अशा वेळी मालकाची सदसद्विवेकबुद्धी जागी करत बसायचं का? डर्बीचा खासदार सॅम्युएल प्लिमसॉलने वेगळा रस्ता धरला. १८७३मध्ये त्याने खलाशांच्या बाजूने ‘अवर सीमेन’ हे पुस्तक काढलं. १८७५च्या जुलैत सरकारने विधेयक मागे टाकलं तेव्हा तो भर संसदेत संतापून ओरडला. लोकमत पेटलं. १८७६च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगवणं सक्तीचं केलं. ती रेषा पाण्याखाली गेली की जहाज जास्त भरलं.

पण कायद्यात एक भोक होतं. रेषा कुठे काढायची ते मालकानेच ठरवायचं! म्हणजे पुन्हा त्याचा विश्वासच. ती जागा नियमाने पक्की व्हायला १८९० साल उजाडलं. मधली चौदा वर्षं रेषा होती, पण ती काढणारा हात धोका न झेलणाऱ्याचा होता.

आज मुंबईच्या बंदरात येणाऱ्या मालवाहू जहाजांवरही ती खूण असते: एक वर्तुळ, त्याला छेदणारी आडवी रेघ. मालकाच्या मनात काय आहे, हे ती विचारत नाही. धक्क्यावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसेल एवढंच ती करते.

“काही होत नाही” हे वाक्य आपल्याकडेही रोज ऐकू येतं. टपावर माणसं बसवलेल्या वडापच्या जीपवर, पावसाळ्यात खचाखच भरलेल्या होडीवर, भेगा पडलेल्या इमारतीच्या जिन्यात. बोलणारा बहुधा प्रामाणिकच असतो, म्हणून तर त्याच्याशी भांडता येत नाही. त्याला खोटारडा म्हणायची गरजही नाही. दोन गोष्टी विचारल्या तरी पुरे. हे तुला कशावरून माहीत? आणि चुकलास, तर पाण्यात कोण असेल?