लहान मुलें प्रभूचे खरे शिष्य होऊं शकतात काय?

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीच्या भेटीस गेलों होतों. तेथें अकरा वर्षांच्या एका मुलानें प्रभुभोजनास बसण्याची इच्छा दर्शविली. आमच्याकडे याविषयींचा निर्णय पाळक व पंच यांजवर सोंपविलेला असतो. उपदेशक मला म्हणाले, "पाळकसाहेब, मुलगा चांगला आहे, परंतु विश्वास म्हणजे काय हें ह्या वयांत त्यास काय समजणार?" बंधूंचा प्रश्न प्रामाणिक होता, व तो पुष्कळ मंडळ्यांत विचारला जातो.

समज हीच जर कसोटी, तर प्रिय वाचकहो, आपली स्वतःची गत काय? त्रैक्याचें गूढ आपणांपैकीं किती जणांस उकलून सांगतां येईल? आपल्या आज्या-पणज्यांपैकीं कित्येकांस अक्षरओळखही नव्हती. प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा एवढ्या शिदोरीवर त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचा विश्वास अर्धा होता असें कोणी म्हटलें नाहीं. मग मुलांसच ही अट कां? मुलांस अडविणाऱ्यांवर प्रभु रागावला. आणि ते अडविणारे कोणी परके नव्हते, त्याचेच शिष्य होते.

शमुवेलास बालपणीं वाणी ऐकूं आली, पण ती कोणाची हें त्यास कळलें नाहीं; तो तीन वेळां एलीकडे धांवला. हाक खरी होती, धांवणेंही खरें होतें. उणीव होती ती ओळखीची, आणि ती पुरी करणें हें वृद्ध एलीचें काम होतें. स्मुर्णा येथील अध्यक्ष पॉलिकार्प यांस इ. स. १५५ च्या सुमारास ख्रिस्ताचा त्याग करण्यास सांगण्यांत आलें, तेव्हां आपण ८६ वर्षें त्याची सेवा केली आहे असें त्यांनीं उत्तर दिल्याचें नमूद आहे. एवढीं वर्षें मागें मोजलीं तर तो सेवक पाळण्यांत, नाहींतर अंगणांत खेळतांना तरी सांपडतो.

तथापि एक भय मलाही वाटतें. मूल वडील माणसांस आवडेल तेंच बोलूं लागतें. अमेरिकेंतील नॉर्थॅम्प्टन येथील पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनीं इ. स. १७३५ च्या जागृतीचें वर्णन करितांना फीबी बार्टलेट नामक चार वर्षांच्या मुलीची हकीकत दिली आहे. ती नरकाच्या भयानें रडे. पुढें तिला शांति लाभली हें खरें. माझें मन मात्र त्या रडण्यापाशींच अडकतें. भय घालून घडविलेला शिष्य भय ओसरतांच निघून जातो. आणि शब्बाथशाळेंत वचनें घडाघडा म्हणून बक्षीस मिळविणें हाही विश्वास नव्हे. (मीं स्वतः अशीं दोन बक्षिसें मिळविलीं आहेत.)

म्हणून मीं त्या मुलास प्रश्नोत्तरावली विचारली नाहीं. त्याच्या घरीं जाऊन बसलों. तेथें बापानेंच मान खालीं घालून सांगितलें कीं, बाजारांत किराणा दुकानदारानें चुकून शंभर रुपये अधिक परत दिले, व त्यानें ती नोट खिशांत घातली. मुलगा वाटेंत म्हणाला, "बाबा, हे आपले नव्हेत." बाप रागावला, दोन दिवस त्याच्याशीं बोलला नाहीं, शेवटीं नोट त्याच्या हातीं दिली. मुलगा एकटाच चालत जाऊन ती परत देऊन आला.

पंचांनीं होकार दिला. त्या रविवारीं मुलगा प्रभुभोजनास बसला. बाप बाहेर ओट्यावर थांबला. "मी पुढच्या खेपेस येतों, साहेब," म्हणाला.