शंकासमाधान : देवाला माणूस होण्याची काय गरज होती?

शंका : मी सक्करदऱ्याची. माहेरी सगळेच ताजुद्दीन बाबांना मानतात. लग्नानंतर ख्रिस्ती घरात आले, पुढे स्वतःच्या मनाने बाप्तिस्माही घेतला. आई म्हणते, “बाबांमध्ये देव होता, तुझ्या येशूमध्येही होता. मग वेगळं काय?” मला उत्तर देता येत नाही आणि तिला दुखवायचंही नाही. – एक भगिनी

समाधान : ताई, आईच्या बोलण्यात राग येण्यासारखं काही नाही. तुम्ही राहता तिथलाच हा इतिहास आहे. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं. सरकारदप्तरी वेडा ठरलेल्या फकिरापुढे राजा हात जोडून उभा राहिला. 17 ऑगस्ट 1925 ला बाबा गेले, पण ताजबागला येणाऱ्या हिंदू-मुसलमानांचा ओघ आजही आटलेला नाही. या आठवणीचा मान राखूनच आईशी बोला.

आता वेगळेपणाकडे येऊ. देवाने ज्याला हाताशी धरलं, ज्याच्या मुखाने तो बोलला, अशी माणसं असतात हे बायबललाही मान्य आहे. मोशे आणि यशया तसेच होते. येशूविषयी मंडळीची साक्ष याच्या पुढे जाते. देव कुणा भल्या माणसात येऊन राहिला असं ती म्हणत नाही. देव स्वतः माणूस म्हणून जन्माला आला असं म्हणते. इ.स. 325 मध्ये नायसियाच्या धर्मसभेने येशू पित्याशी एकतत्त्व असल्याचं ठरवलं आणि 451 मध्ये कॅल्सेडॉनच्या सभेने तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असल्याचं सांगितलं. थोडा देव, थोडा माणूस अशी सरमिसळ मंडळीने कधीच मान्य केली नाही.

हे सभांचे ठराव आईपुढे वाचू नका. लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचून दाखवा. बाळंतपणानंतर मरिया यरुशलेमच्या मंदिरात जाते. नियम कोकरू अर्पण करायचा. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांनी दोन होले किंवा पारव्यांची दोन पिल्लं आणली तरी चालत असे. मरियेने आणली ती पाखरंच. तान्ह्या येशूला कुशीत घेऊन गरिबांच्या रांगेत उभी असलेली ही बाई आईला कळेल. नंतर तोच मुलगा सुतारकी करतो, शोमरोनातल्या विहिरीवर थकून बसतो आणि एका परक्या बाईकडे पाणी मागतो. होडीत उशीवर डोकं ठेवून झोपतो. मित्राच्या थडग्यापाशी रडतो. यातलं काहीच नाटक नव्हतं, हे ख्रिस्ती विश्वासाचं म्हणणं आहे. माझ्या मते सगळ्या धर्मविचारातलं हे सर्वांत धाडसी म्हणणं आहे.

आणि ज्यांना हे पटलं त्यांनाही आधी माणूसच भेटला. नारायण वामन टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचं काम करीत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळकांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने, वैऱ्यावरही प्रेम करा म्हणणाऱ्या त्या आवाजाने. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ‘बाबा मोठे की येशू मोठा’ या वादात पडूच नका. तो तुम्हाला कसा भेटला ते आईला सांगा. तेवढं तुमच्या हातात आहे.

शंका : देव सर्वशक्तिमान आहे. ‘जा, माफ केलं’ एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. स्वतःच्या मुलाला मरायला पाठवणारा बाप मला क्रूर वाटतो. असं वाटणं पाप आहे का? – तीच भगिनी

समाधान : पाप मुळीच नाही. हा प्रश्न ज्याला कधी पडला नाही, त्याने वधस्तंभाकडे नीट पाहिलेलं नाही असं मी समजतो.

आधी माफीचं बघू. तुमच्या वस्तीतही बायकांची भिशी चालत असेल. एखादीने पहिलीच भिशी उचलली आणि पुढचे हप्ते बुडवले. भिशी चालवणारी म्हणाली, “जाऊ दे, तिची अडचण होती.” पण बाकीच्यांचे पैसे तर द्यायलाच हवेत. ते ती स्वतःच्या बांगड्या मोडून देते. बुडालेली रक्कम हवेत विरत नाही, माफ करणारीच्या अंगावर येते. लहानसहान चुकीत हे जाणवत नाही. खून, बलात्कार, पिढ्यान् पिढ्यांचा अन्याय यांना नुसतं ‘जाऊ दे’ म्हटलं, तर ज्याचं नुकसान झालं त्याचा तो अपमान होतो. देवाला माफ करायचं होतं आणि अपमान मात्र कुणाचाच करायचा नव्हता.

आता क्रूरपणाचं. येशू फक्त एक सज्जन माणूस असता, तर तुमचा आक्षेप बिनतोड होता. दोष एकाचा, राग दुसऱ्याचा आणि मार तिसऱ्याच निरपराध्याला, हा उघड अन्याय झाला असता. प्रवचनकार पुष्कळदा असंच चित्र रंगवतात: वर रागावलेला बाप, खाली बिचारा मुलगा. हे चित्र चूक आहे आणि त्याने अनेकांची श्रद्धा मोडली आहे. ज्याचा अपराध झाला तो देव आणि ज्याने त्याचं ओझं उचललं तो देव, हे दोघे एकच आहेत. पिता आणि पुत्र यांची इच्छाही एकच. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःच म्हणतो की माझा प्राण कुणी हिसकावून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. म्हणून देव माणूस झाला या गोष्टीवर सगळं तारण उभं आहे. ती काढून घ्या, वधस्तंभावर उरतो तो फक्त एक अन्याय.

आणखी एक. दुष्टांचा नाश करायला आलेला देव आपल्या ओळखीचा आहे आणि तसा देव हवासाही वाटतो. येशू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी उतरायला गेला. मरतानाही त्याच्या शेजारी गुन्हेगार होता आणि त्यालाच त्याने सुखलोकाचा शब्द दिला. त्याने वाचवलं ते दोषींच्या बाजूला उभं राहून. तिसऱ्या दिवशी तो उठला नसता, तर हेही नुसती हळहळ वाटण्यापुरतंच राहिलं असतं. पौलाने करिंथकरांना हे स्पष्ट लिहिलं आहे.

शंका : माझा जिवलग मित्र बौद्ध आहे. दीक्षाभूमीवरच्या प्रतिज्ञांमध्ये देवाने अवतार घेतला हे मानणार नाही, असं आहे. त्याला देहधारी देव कसा पटवून देऊ? – एक तरुण वाचक

समाधान : घाई करू नका. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी ही एक आहे. त्या नकारामागे मंदिराबाहेर आणि पाणवठ्याबाहेर ठेवलेल्या पिढ्या आहेत. देवाच्या नावाने माणसाला माणसापासून तोडलं गेलं, म्हणून तो नकार आला. त्याला अज्ञान म्हणणारा माणूस मित्र राहणार नाही.

मित्र उलट विचारेल, “तुमचा देव माणूस झाला, मग तुमच्यात जात कशी उरली?” या प्रश्नाला ग्रंथातलं उत्तर चालणार नाही. आपल्या मंडळ्यांत सोयरिकीची बोलणी सुरू झाली की ‘मूळचे कोण?’ हे अजूनही हळूच विचारलं जातं. तुमच्या घरी ते विचारलं जात असेल, तर आधी ते बंद पाडा. मग मित्राशी येशूविषयी बोला.