पापाची वाटणी

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पृथ्वीराज मोहोळला विजयी ठरवलं आणि शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली. पाठ टेकलीच नव्हती, असं त्याचं म्हणणं. कुस्तीगीर संघानं तीन वर्षांची बंदी घातली. आमच्या निपाणी-बेळगावकडं कुस्तीचं वेड भारी. जो तो म्हणू लागला, ‘समाजानंच डोक्यावर बसवलं, पोरगं काय करणार?’

हे मला पटत नाही. आम्हा जैनांच्या घरी तीन शब्द लहानपणीच कानावर पडतात : कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, केलेल्याला मान डोलावणं. दोष तिन्हींना लागतो. पण पाप म्हणजे काही दिवाळीचा फराळ नव्हे, चार घरी वाटला की आपल्या डब्यातला कमी झाला! निर्णय चुकला असेल, तर दाद मागायची वाट होती. पाय उचलला तो त्याचाच.

म्हणून बाकीचे सुटले असंही नाही. तो व्हिडिओ आमच्या भिशीच्या ग्रुपवर आला, तेव्हा खाली टाळ्यांची चित्रंच जास्त पडली. पंचांना लागलं का, हे एकीनंही विचारलं नाही.