भय जाणावे की सोसावे?

भयाशी कसे वागावे, हा वाद प्लेटोने ‘लॅकिस’ या संवादात दोन सेनापतींमध्ये लावून दिला आहे. निमित्त घरगुती आहे. मुलांना चिलखत घालून लढण्याची विद्या शिकवावी का, हे दोन बापांना ठरवायचे असते. बोलता बोलता गाडी धैर्य म्हणजे काय, यावर येते.

पहिला सेनापती लॅकिस. त्याला प्रश्न सोपा वाटतो: रांग न सोडता शत्रूपुढे उभा राहतो, तो धीराचा. सॉक्रेटिस विचारतो, मग पळता पळता लढणाऱ्या सिथियन घोडेस्वारांचे काय? शिवाय आजारपण, गरिबी, खवळलेला समुद्र यांपुढेही धीर लागतोच. लॅकिस सुधारून सांगतो, धैर्य म्हणजे मनाची चिकाटी. पण मग बुडी मारण्याची कला न येता विहिरीत उतरणारा हा तरबेज पाणबुड्यापेक्षा धीट ठरतो. लॅकिस येथे अडकतो.

दुसरा सेनापती निकियस याच्या मते धैर्य हे ज्ञान आहे: कशाला भ्यावे आणि कशाला नाही, याचे. सिंह किंवा तान्हे मूल निर्भय असेल, धीराचे नव्हे; त्यांना धोका कळतच नाही. लॅकिस टोमणा मारतो, मग ज्योतिषीच सर्वांत शूर! निकियस म्हणतो, काय घडणार ते ज्योतिषी सांगेल. ते सोसण्यात भले आहे की टाळण्यात, हे सांगणे त्याचे काम नाही. उत्तर बिनतोड आहे.

पण इतिहासाने निकियसची क्रूर थट्टा केली. इ. स. पूर्व 413 मध्ये अथेन्सचे सैन्य सिराक्यूजहून माघारी निघणार, तोच चंद्रग्रहण लागले. शकुन सांगणाऱ्यांचे ऐकून निकियसने 27 दिवस थांबायचे ठरवले. शत्रूने बंदराचे तोंड अडवले, सैन्याचा नाश झाला आणि निकियस मारला गेला. प्लेटोने संवाद लिहिला तो या घटनेनंतर. सेनापतीने ज्योतिष्याला हुकूम द्यावा, ज्योतिष्याने सेनापतीला नव्हे, असे त्याचा सॉक्रेटिस निकियसच्या देखत सुनावतो.

आकाशातल्या घटनांची कारणे कळली की त्यांचे भय सरते, असे पुढे एपिक्युरसने मानले. पण चंद्रग्रहणाचे कारण अनॅक्सागोरसने निकियसच्या हयातीतच सांगितले होते. नगरात मिळालेले ज्ञान छावणीतल्या रात्री कामी येतेच असे नाही.

त्या रात्रीचा विचार मज्झिम निकायातल्या ‘भयभेरव सुत्ता’त आहे. बुद्ध जाणुस्सोणि ब्राह्मणाला आपल्या वनवासातल्या रात्री सांगतात. हरिण येई, मोर काटकी मोडी, वाऱ्याने पाचोळा वाजे, आणि भय दाटे. चालताना भय आले तर ते ओसरेपर्यंत बुद्ध थांबत नसत. बसलेले असताना आले तर उठत नसत. ही चिकाटी लॅकिसचीच, पण आलेल्या भयाला भय म्हणून ओळखणारी. दोन्ही सेनापतींच्या व्याख्यांत हेच राहून गेले होते.

प्लेटो निकाल देत नाही. धैर्याची व्याख्या कोणालाच सापडत नाही, आणि त्या दोन बापांपैकी म्हातारा लिसिमाकस सॉक्रेटिसला दुसऱ्या दिवशी पहाटे घरी यायला सांगतो.